गाडी ओळखायची ती मागच्या दारावरून

शिवाजी पार्कच्या कट्ट्याला टेकून २६ जानेवारीचं संचलन बघायची आमच्या घरची जुनी सवय आहे. गेल्या खेपेला भाचा बरोबर होता. पोलिसांची तुकडी गेली, बँड गेला, आणि मागून मुंबई पोलिसांची 'मार्क्समन' आली. ठेंगणी, जाड, छोट्या खिडक्यांची, छतावर बंदूक लावायची जागा असलेली. भाचा ओरडला, "मामा, रणगाडा!" आजूबाजूच्या दहा-बारा मोठ्या माणसांनी मान डोलावली. कुणीही त्याला दुरुस्त केलं नाही.

लालबागला गणपतीच्या गर्दीत, गिरगाव चौपाटीला विसर्जनाच्या बंदोबस्तात, शीघ्र कृती दलाची गाडी उभी असली की हेच ऐकू येतं. शब्दाची चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण या एका शब्दामागे गैरसमजांची रांग लागलेली असते, आणि गाडीत बसून जाणाऱ्या माणसांकडून आपण काय अपेक्षा करतो ते त्या गैरसमजांवर ठरतं. म्हणून जरा सविस्तर.

'रणगाडाच आहे, फक्त लहान'

नाही. रणगाडा तोफ वाहून नेतो. चिलखती गाडी माणसं वाहून नेते. बाकी सगळा फरक या एका गोष्टीतून निघतो.

युरोपातल्या देशांनी १९९० साली सैन्यकपातीचा करार केला, तेव्हा नेमकं काय मोजायचं यावरून हाच घोळ झाला असता. म्हणून करारात व्याख्या लिहून काढल्या. किमान साडेसोळा टन वजन आणि किमान ७५ मिलिमीटरची, चौफेर फिरणारी तोफ असेल तर तो रणगाडा. पायदळाची तुकडी नेण्यासाठी बनवलेली आणि अंगावरची बंदूक २० मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ती चिलखती सैन्यवाहक गाडी. तुकडी नेते, पण तोफ २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी, तर ते पायदळाचं लढाऊ वाहन.

आपल्या लष्कराचं 'सारथ' हे या तिसऱ्या जातीचं. रशियन बीएमपी-२ चा हा भारतीय अवतार १९८७ पासून तेलंगणातल्या मेदकच्या कारखान्यात बनतो. वजन चौदा टनांच्या आसपास, ३० मिलिमीटरची तोफ, तिघे चालवणारे आणि सात जवान मागे. 'अर्जुन' रणगाड्याचं पहिलं रूप साधारण ५८ टनांचं, त्यात चौघे, आणि ते चौघेही रणगाडा चालवण्यासाठीच. उतरून लढणारा एकही नाही. मार्क्समनचं वजन तीन टनांच्या घरात, आत चालकासह सहा जण.

मी भाच्याला सोपी खूण सांगितली: मागे जा आणि दार बघ. माणसं भराभर बाहेर पडतील असं दार असेल तर ती माणसांसाठीची गाडी.

या गाडीचा सगळा इतिहास खरं तर दाराचाच आहे. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ मध्ये, इंग्रजांनी 'मार्क नाइन' नावाचं लांबुळकं धूड बनवलं. तीस सैनिक आत बसवून खंदकांपलीकडे न्यायचे अशी कल्पना. इंजिन पुढे, पण माणसांच्याच दालनात होतं. धूर आणि उष्णतेने आतले सैनिक बाहेर पडेपर्यंत अर्धमेले व्हावेत अशीच ती रचना. तीसेक गाड्या बनल्या, तोवर युद्ध संपलं. दुसऱ्या महायुद्धात ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीत कॅनडाचे सेनानी गाय सिमंड्स यांनी सत्तरहून अधिक 'प्रीस्ट' तोफगाड्यांच्या तोफा काढून टाकल्या, उघडी पडलेली जागा पोलादाने बुजवली आणि आत पायदळ बसवलं. त्यांना 'कांगारू' म्हणत. गोळ्यांच्या माऱ्यातून माणसं सुखरूप पुढे पोचली, पण कांगारूला दारच नव्हतं. कडेवर चढून उडी मारायची. म्हणजे पोचल्यावर, नेमक्या सर्वांत वाईट क्षणी, माणूस पूर्ण उघडा.

अमेरिकेच्या एम-११३ ने १९६० मध्ये यावर उत्तर काढलं. मागची अख्खी भिंत उतरणीसारखी खाली पडते आणि अकरा सैनिक गाडीचा आडोसा पाठीशी ठेवून बाहेर पडतात. सगळे प्रकार धरून या घराण्याच्या ८० हजारांहून जास्त गाड्या बनल्या. दिसायला साबणाच्या वडीसारखी, पण हिशेब अचूक होता.

'आत बसलं की गोळी लागत नाही'

हा सर्वांत धोकादायक समज आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

आपल्या घरच्या मोटारीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाड असतो, बहुतेक वेळा त्याहूनही कमी. एके-४७ ची गोळी साधारण ७०० मीटर प्रति सेकंद वेगाने येते. तिच्यासाठी हा पत्रा म्हणजे पुठ्ठा. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री कामा रुग्णालयाजवळ, रंगभवनच्या गल्लीत, हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे पोलीस अधिकारी ज्या गाडीत मारले गेले ती साधी क्वालिस होती. त्याच रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीत पोलीस तुकाराम ओंबळे दहशतवादी कसाबच्या बंदुकीची नळी धरून उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात लाठी होती. चिलखती गाडीबद्दल बोलताना या दोन जागा मला आठवतातच. दोन्ही आमच्या रोजच्या वाटेवरच्या आहेत.

त्यानंतर राज्याने २००९ मध्ये 'फोर्स वन' उभारलं आणि पुढे मुंबई पोलिसांच्या ताफ्यात महिंद्रची मार्क्समन आली. तिचं संरक्षण 'बी-६' दर्जाचं सांगितलं जातं. या आकड्याला अर्थ आहे. काचेसाठीच्या युरोपीय मानकात या पातळीची चाचणी अशी असते: दहा मीटरवरून ७.६२ मिलिमीटरच्या लष्करी रायफलीच्या तीन गोळ्या, एकमेकींपासून १२ सेंटिमीटर अंतरावर, आणि तिन्ही अडल्या पाहिजेत. गोळी साधी, शिशाच्या गाभ्याची. पोलादभेदी गोळी असेल तर ती पुढच्या, सातव्या पातळीची परीक्षा. म्हणजे 'बुलेटप्रूफ' हा शब्दच अपुरा आहे. कुठली गोळी, किती अंतरावरून आणि किती वेळा, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. चौथी गोळी त्याच तड्यावर बसली तर काय, याची हमी ते मानक देत नाही.

गाडीच्या तळाबद्दलही असंच. खाली एकाच वेळी दोन हातबॉम्ब फुटले तरी आतली माणसं वाचावीत, अशी मार्क्समनची रचना आहे. ही हमी हातबॉम्बाची आहे, सुरुंगाची नाही.

चिलखत वेळ विकत घेऊन देतं. अर्धं मिनिट, दोन मिनिटं. तेवढ्यात गाडी आडोशाला न्यायची, जखमीला ओढून आत घ्यायचं किंवा दार उघडून उतरायचं. तिच्यात बसून राहणं हा तिचा उपयोगच नाही.

'मग पत्रा आणखी जाड करा की'

परळला माझ्या ओळखीचे एक जुने मेकॅनिक आहेत. त्यांना मी हाच प्रश्न विचारला. हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "वजन वाढवलंत की आधी ब्रेक जाणार, मग पाटे, मग क्लचप्लेट. आणि वळणावर गाडी आडवी होणार ती वेगळीच." पुस्तकात दहा पानं वाचून जे कळतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

हिशेब करून बघा. एक मिलिमीटर जाड पोलादाचा एक चौरस मीटर तुकडा पावणेआठ किलोचा. रायफलीची साधी गोळी अडवायला सहा-सात मिलिमीटरचं खास कठीण केलेलं पोलाद लागतं. म्हणजे चौरस मीटरला पन्नासेक किलो. काचेचं गणित याहून चकित करणारं आहे. तीच गोळी अडवणारी काच चार सेंटिमीटरच्या आसपास जाड लागते, आणि तिचं वजन चौरस मीटरला शंभर किलोपर्यंत जातं. काच पोलादाच्या दुप्पट जड! या गाड्यांच्या खिडक्या एवढ्याशा का असतात, याचं हे एक कारण.

ती काच जवळून बघायची संधी मिळाली तर दाराच्या कडेला डोळा लावा. एकसंध नसते. काचेचे थर, मधे चिकट पापुद्रे आणि सर्वांत आत पॉलिकार्बोनेटचा प्लॅस्टिक थर. गोळीने बाहेरची काच फुटायचीच असते. ती फोडण्यातच गोळीची ताकद खर्ची पडते. आतला थर काचेचे कण चालकाच्या डोळ्यांत उडू देत नाही. पण ऊन आणि दमट हवा हे या थरांचे वैरी आहेत. वर्षांमागून वर्षं कडेने बुडबुडे धरतात, थर सुटायला लागतात. मुंबईच्या चार महिन्यांच्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात ही काच बदलण्याचा खर्च हा गाडीच्या किमतीचाच भाग धरायला हवा. दरवर्षी रंग देऊन संचलनाला उभी केली म्हणजे गाडी तयार आहे असं नव्हे.

आणि शहराचा प्रश्न वेगळाच. चिलखत समोर आणि बाजूंना जाड ठेवतात, छत त्या मानाने पातळ. रणांगणावर ते चालून जातं. गिरगावच्या वाडीत किंवा लालबागच्या चाळींमधे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून गाडीचं छत ताटासारखं दिसतं. चालकाला मात्र त्या गॅलरीतलं काहीच दिसत नाही. गल्लीत वळणारी, हलकी, छोटी गाडी मुंबई पोलिसांनी घेतली, आणि या कारणाने मला तो निर्णय बरोबर वाटतो. चौदा टनी 'सारथ' आपल्या पट्ट्यांवर भुलेश्वरात वळवून बघण्याची कल्पनाही नको.

'सुरुंगावरूनही आरामात जाते'

सुरुंगरोधक गाडी ही दक्षिण आफ्रिकेच्या सीमेवरच्या युद्धांतून आली. तिथली 'कॅस्पिर' पुढे भारतानेही घेतली. तिचं पोट 'व्ही' आकाराचं असतं, जमिनीपासून उंच, म्हणजे स्फोटाचा झोत सरळ तळावर न आदळता दोन्ही बाजूंना फाकतो. चाकं उडाली तरी चालतील, माणसांची खोली शाबूत राहिली पाहिजे, हा तिच्यामागचा विचार. अशा नव्या गाड्यांत आसनंही तळाला न जोडता छताला किंवा भिंतीला टांगतात आणि पाय तळावर टेकू देत नाहीत, कारण तळ वर उसळला तर घोटे आणि मणका आधी मोडतात.

पण याला किलोंची मर्यादा आहे. कॅस्पिरची रचना चाकाखाली साधारण २१ किलो आणि पोटाखाली १४ किलो टीएनटी सोसण्यासाठी. १३ मार्च २०१८ रोजी छत्तीसगडमधल्या सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ नक्षलवाद्यांनी सुरुंगरोधक गाडीच उडवली आणि सीआरपीएफचे नऊ जवान गेले. रस्त्याखाली स्फोटकं किती पुरायची यावर पुरणाऱ्याला काही बंधन नसतं. गाडीच्या वजनावर मात्र पूल, रस्ता आणि इंजिन यांचं बंधन असतं. आमच्या गडचिरोलीत १ मे २०१९ रोजी जांभूरखेड्याजवळ १५ पोलीस आणि चालक गेले ते तर खासगी गाडीत होते. या घटना वाचून 'गाडी कुचकामी' असं म्हणणारे भेटतात, 'प्रत्येकाला अशीच गाडी द्या' म्हणणारेही. दोन्ही मतं मला घाईची वाटतात. पायी चालणारी, आधी रस्ता तपासणारी तुकडी हीच सुरुंगावरची पहिली ढाल. गाडी दुसरी.

'हे सगळं बाहेरून येतं'

आता नाही, आणि पूर्णपणे पूर्वीही नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातून आलेल्या चासीवर टाटांच्या पोलादाची चिलखती अंगं चढवून इथे हजारो गाड्या बनल्या. सैनिक त्यांना 'टाटानगर' म्हणत. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांचा उठाव झाला आणि मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरले, तेव्हा लष्कराच्या लॉऱ्यांबरोबर चिलखती गाड्याही शहरात फिरल्या. परळमध्ये २२ फेब्रुवारीच्या गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे मारल्या गेल्या. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं गेली. चिलखती गाडीची या गिरणगावाशी झालेली ही ओळख आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

आज अहिल्यानगर हे या विषयाचं माहेर आहे. तिथे रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९७९ मध्ये उभ्या राहिलेल्या यांत्रिक पायदळाचं केंद्र आहे आणि डीआरडीओची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्थाही आहे. तिने टाटांबरोबर आठ चाकी, पाण्यात तरंगणारी 'व्हॅप' गाडी तयार केली. १२ एप्रिल २०२२ रोजी पुण्यात तत्कालीन लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या हस्ते टाटा आणि भारत फोर्जच्या चिलखती गाड्या सैन्यात दाखल झाल्या. २०२५ मध्ये टाटांनी मोरोक्कोत बेरशीदला व्हॅपचा कारखाना सुरू केला.

संचलन संपल्यावर गाड्या कॅडल रोडच्या बाजूला थोडा वेळ उभ्या होत्या. भाच्याला घेऊन मी मागच्या बाजूने गेलो, दोरीच्या अलीकडेच. मार्क्समनचं मागचं दार अर्धवट उघडं होतं. एक जवान बाहेर पाय सोडून बसला होता, बुटाची नाडी बांधत. दाराची कड हाताच्या तळव्याएवढी जाड होती आणि मुठीवरचा रंग घासून खालचं लोखंड चकाकत होतं. भाच्याने विचारलं, "मामा, हे आतूनच गोळ्या मारतात का?"

जवानाने मान वर केली. "नाही रे बाळा," तो म्हणाला, "आम्ही इथून उतरतो."