क्षेत्रीय ध्वनिमुद्रणासाठी सुवाह्य सौर वीजसंच : आकारमानाचा हिशेब

बोलीच्या अभ्यासकास क्षेत्रात जाताना वही आणि पेन्सिल पुरेशी होती, तो काळ मागे पडला. १९५१ साली स्टेफान कुडेल्स्की यांनी तयार केलेल्या ‘नाग्रा’ या ध्वनिमुद्रकात फीत फिरविण्याचे काम किल्ली दिलेली स्प्रिंग करीत असे. विजेची गरज केवळ ध्वनिवर्धनापुरती होती. आज मुद्रण, चित्रण, प्रतिलेखन आणि मुद्रित सामग्रीच्या प्रती काढणे ही सर्व कामे विजेवाचून अडतात. अशा स्थितीत वीजसंचाचा विचार हा संशोधनपद्धतीचाच एक भाग ठरतो.

बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद परिसरात बोलल्या जाणाऱ्या निहालीचे उदाहरण घेता येईल. १९६२ साली एफ. बी. जे. कुइपर यांनी या भाषेचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. तरीही कोणत्याही भाषाकुळाशी तिचे नाते अद्याप निःसंशयपणे सिद्ध झालेले नाही. तिचे भाषक थोडे आहेत आणि शब्दसंग्रहावर कोरकूचा मोठा प्रभाव आहे. अशा भाषेतील एखाद्या वृद्ध निवेदकाचे दीर्घ कथन यंत्र बंद पडल्यामुळे अर्धवट राहिले, तर ते पुन्हा मिळेलच अशी शाश्वती नसते. म्हणून संचाचे आकारमान अंदाजाने न ठरविता हिशेबाने ठरविले पाहिजे.

या हिशेबात पहिली अडचण परिभाषेची आहे. व्यवहारात ‘वीज’ हा एकच शब्द दोन भिन्न राशींसाठी वापरला जातो. वॅट हे शक्तीचे, म्हणजे ऊर्जा खर्च होण्याच्या वेगाचे माप होय. वॅट-तास हे प्रत्यक्ष खर्च झालेल्या ऊर्जेचे माप होय. वीजबिलातील एक ‘युनिट’ म्हणजे १,००० वॅट-तास. पॅनेलची किंमत वॅटवर ठरते, परंतु अभ्यासकाची गरज वॅट-तासांत मोजावी लागते. खिशात मावणाऱ्या बॅटऱ्यांवरील ‘मिलिअँपिअर-तास’ हा आकडाही एकट्याने काही सांगत नाही. त्यास व्होल्टने गुणावे लागते. २०,००० मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे केवळ ७४ वॅट-तास होत.

हिशेबाचा आरंभ पॅनेलपासून नव्हे, तर दैनंदिन खर्चापासून करावा. चौदा दिवसांच्या शिबिरात दोन अभ्यासक काम करीत आहेत असे समजू. ध्वनिमुद्रक २ वॅटचा, ५ तास : १० वॅट-तास. लॅपटॉप ३० वॅटचा, ३ तास : ९० वॅट-तास. चित्रीकरणाच्या कॅमेऱ्याच्या प्रत्येकी १५ वॅट-तासांच्या दोन बॅटऱ्या : ३०. एक मोबाइल फोन : १५. रात्रीच्या लेखनासाठी ३ वॅटचा दिवा, ४ तास : १२. एकूण १५७ वॅट-तास. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक उपकरणाचा खरा खर्च निघण्यापूर्वी मापकाने मोजून घेणे हाच योग्य मार्ग होय.

बॅटरीत भरलेली ऊर्जा जशीच्या तशी परत मिळत नाही. भरताना, काढताना आणि व्होल्ट बदलताना होणारी घट लक्षात घेता १५७ ला ०.८ ने भागावे. उत्तर १९६, म्हणजे दिवसाला सुमारे २०० वॅट-तास, अथवा युनिटचा पाचवा हिस्सा. इन्व्हर्टर वापरल्यास मात्र हा हिशेब बिघडतो. काहीही न जोडता नुसता चालू ठेवलेला लहान इन्व्हर्टर ८ वॅट घेत असेल, तर चोवीस तासांत तो १९२ वॅट-तास गिळतो. म्हणजे साऱ्या कामास लागते जवळजवळ तेवढीच ऊर्जा निष्फळ जाते. यूएसबी-सीवर भरणारा लॅपटॉप १२ व्होल्टच्या बॅटरीवरून योग्य कन्व्हर्टरने थेट भरता येतो. तेथे इन्व्हर्टर टाळणेच श्रेयस्कर.

आता बॅटरी. दोन दिवस सूर्यदर्शन झाले नाही तरी काम चालावे, अशी अपेक्षा ठेवल्यास ४०० वॅट-तास हाताशी हवेत. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणून ती ८०० वॅट-तासांची घ्यावी लागेल आणि तिचे वजन वीस किलोच्या आसपास जाईल. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्तपणे वापरता येते. १२.८ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची अशी बॅटरी ५१२ वॅट-तासांची असते आणि तिचे वजन सुमारे पाच किलो भरते. पायवाटेने वस्तीवर जाणाऱ्यास हा फरक निर्णायक आहे. मात्र १६० वॅट-तासांहून मोठी सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून नेता येत नाही. विमानाने जाणाऱ्याने १०० वॅट-तासांहून लहान अशा अनेक बॅटऱ्यांची योजना करावी व संख्येविषयी विमान कंपनीचा नियम आधी पाहावा.

पॅनेलवरील वॅटचा आकडा प्रयोगशाळेतील ठराविक परिस्थितीत मोजलेला असतो. उन्हात पॅनेल तापते. पेशीचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की प्रत्येक अंशास सुमारे ०.४ टक्के शक्ती घटते. धूळ, चुकलेला कोन आणि तारांतील घट मिळून छापील आकड्याच्या ७० टक्केच हाती येतात, असे धरावे. स्वच्छ हिवाळ्यात दिवसाचे ऊन पूर्ण तेजाच्या ५ तासांइतके आणि पावसाळ्यात ३ तासांइतके मानल्यास, हिवाळ्यात ५७ आणि पावसाळ्यात ९५ वॅटचे पॅनेल लागेल.

येथे एक चूक वारंवार संभवते. हिवाळ्यासाठी ६० वॅटचे पॅनेल बरोबर पुरते, असे वरकरणी दिसते. परंतु ते दिवसाला २१० वॅट-तास देते, म्हणजे शिल्लक केवळ १०. दोन ढगाळ दिवसांत बॅटरी रिकामी झाली, तर ती पुन्हा भरण्यास चाळीस दिवस लागतील. हेच पॅनेल पावसाळ्यात नेल्यास दररोज ७४ वॅट-तासांची तूट येते. संच पहिल्या दिवशी उत्तम चालतो आणि सहाव्या दिवशी, काम रंगात आलेले असताना, बंद पडतो. १०० वॅटचे पॅनेल हिवाळ्यात ३५० वॅट-तास देते आणि रिकामी बॅटरी तीन दिवसांत पूर्ववत करते. तात्पर्य, पॅनेल सरासरी दिवसासाठी नव्हे, तर वाईट दिवसांनंतरच्या भरपाईसाठी निवडावे लागते.

पॅनेल आणि बॅटरी यांमध्ये चार्ज कंट्रोलर आवश्यक आहे. या संचास १० अँपिअरचा पुरेल. साधा, पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टवर खेचतो आणि शक्तीचा जवळजवळ चौथा हिस्सा वाया जातो. एमपीपीटी प्रकारचा महाग असला तरी ही हानी टाळतो. वरील ७० टक्के त्याच्याच भरवशावर धरले आहेत. पॅनेल उन्हात आणि बॅटरी सावलीत, हा साधा नियम पाळावा. पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली फांदीची सावलीही उत्पादन मोठ्या प्रमाणात घटविते, कारण त्यातील पेशी एकामागून एक जोडलेल्या असतात.

स्वनविज्ञानाच्या दृष्टीने आणखी एक सावधगिरी महत्त्वाची आहे. इन्व्हर्टरची वीज ५० हर्ट्‌झची असते आणि तिचे गुणज १०० व १५० हर्ट्‌झवर येतात. पुरुषाच्या आवाजाची मूलवारंवारता बहुधा याच टापूत असते. ही गुणगुण मुद्रणात शिरली, तर सुराचे मापन संशयास्पद होते. कन्व्हर्टरचा विद्युत्-गोंगाटही ध्वनिग्राहकाच्या तारेतून आत येऊ शकतो. म्हणून मुद्रण चालू असताना ध्वनिमुद्रक त्याच्या स्वतःच्या घटांवरच चालवावा आणि ते घट नंतर भरावेत. सौर संच भरण्यासाठी आहे, बोलणे टिपताना जोडून ठेवण्यासाठी नव्हे.

अखेरीस, संच वाढविण्यापूर्वी खर्च घटविणे केव्हाही स्वस्त पडते. वरील हिशेबात निम्म्याहून अधिक ऊर्जा एकटा लॅपटॉप घेतो. प्रतिलेखन हाताने वहीत करून लॅपटॉप केवळ प्रती काढण्यासाठी एक तास वापरला, तर दैनंदिन गरज सुमारे १२० वॅट-तासांवर येते. पावसाळ्यातही ६० वॅटचे पॅनेल आणि ३०० वॅट-तासांची बॅटरी पुरते. मात्र ढगाळ दिवसांनंतरची भरपाई पावसाळ्यात होणार नाही, याची जाणीव ठेवावी. निघण्यापूर्वी तीन दिवस विभागाच्या गच्चीवर, घरची वीज न वापरता, हा संच चालवून पाहावा. हिशेबातील चूक तेथे उघडकीस आली, तर ती दुरुस्त करता येते; निवेदकासमोर उघडकीस आलेली चूक मात्र कित्येकदा दुरुस्त करता येत नाही.