वीज उलटते, पातं उलटत नाही

घरातल्या सॉकेटमधली वीज सेकंदाला १०० वेळा दिशा बदलते. तरी त्याच विजेवर चालणाऱ्या गोल करवतीचं पातं चुकूनही उलटं फिरत नाही. कसं? आतल्या 'युनिव्हर्सल' मोटरमध्ये एक गुंडाळी स्थिर, एक फिरती, आणि दोन्हींतून तीच वीज जाते. वीज उलटली की दोघींचं चुंबकत्व एकदमच उलटतं, त्यामुळे फिरण्याची दिशा होती तीच राहते. तुमच्या मिक्सरमध्येही हीच करामत चालते. मशीनच्या जाळीतून दिसणारी निळसर ठिणगी फिरत्या गुंडाळीला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशची.

हातात धरायची विजेची करवत १९२०च्या दशकात अमेरिकेत आली. ऊसतोडीचा कोयता पाहून एडमंड मिशेल या संशोधकाने त्यालाच मोटर जोडून पाहिली, असं सांगतात. म्हणजे मूळ आपल्या ओळखीचंच निघालं!

आता घरासाठी कुठली घ्यायची? दुकानात ८५ मिमी, ११५ मिमी आणि मोठी १८५ मिमी अशी पाती दिसतील. ११५चं पातं निम्मं, म्हणजे ५७ मिमी तरी कापेल असं वाटतं. पण मधे आस आणि गिअरचं घर आडवं येतं. सरळ काप साधारण ४३ मिमी, ४५ अंशांत तिरका केला तर जेमतेम २८. ८५ मिमीचं मशीन सरळच २८पर्यंत थांबतं. शेल्फचं प्लायवुड १८ किंवा १९ मिमीचं असतं, ते दोन्ही कापतात. जाड फळी आली की ११५चं उजवं ठरतं.

वेगाचा हिशेब तर थक्क करणारा आहे. ११५चं, २४ दातांचं पातं मिनिटाला ३,५०० फेरे घेत असेल, तर एका सेकंदात १,४०० दाते लाकडावरून जातात. दाताचा वेग ताशी सुमारे ७६ किलोमीटर. आपल्याकडे बरेच मिस्त्री चार इंची मार्बल कटरलाच लाकडाचं पातं लावतात. तो १२,००० फेऱ्यांनी फिरला तर दाताचा वेग ताशी २५०च्या घरात जातो! शिवाय त्याला बहुधा स्प्रिंगने आपोआप बंद होणारा खालचा गार्ड नसतो. सराईत माणसाचं सोडा, घरी हा प्रकार नकोच.

दाते पुढच्या बाजूला खालून वर येतात आणि बाहेर पडताना वरच्या थराच्या ढलप्या उडवतात. म्हणून सनमायकाची बाजू खाली ठेवायची. काप मिटून मागचे दाते अडकले की मशीन झटक्यात अंगावर येतं; तेव्हा कापून पडणारा तुकडा मोकळा राहू द्या, आणि पातं फळीच्या खाली काही मिलिमीटरच उतरवा.

वायरचा कंटाळा करू नका. वर्षात चारदा वापरायचं मशीन असेल, तर बॅटरी नुसती पडूनही म्हातारी होते. वायर होत नाही. दोन पिनांचा प्लग पाहून दचकू नका. मशीनवर चौकोनात चौकोन छापलेला असेल, तर दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंग लागत नाही.

माझं मत ११५ला. पैसे देण्याआधी प्लग काढलेल्या मशीनचा खालचा गार्ड हाताने मागे ओढून सोडा. तो खट्कन मिटला नाही, तर दुसरं मशीन मागा.