भरल्या घराचा व्यवहार

कराडच्या दक्षिणेस, पुणे-बेंगळूरु महामार्गाला लागून असलेले मलकापूर चोवीस तास नळाला पाणी देणारे गाव म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. महामार्ग, कृष्णा रुग्णालय आणि त्याभोवतीच्या शिक्षणसंस्था यांमुळे येथील जागेला मागणी आली, आणि त्याच काळात जुन्या व्यापारी घरांतील मुले पुण्या-मुंबईस स्थिरावली. मागे राहिले ते कुलूपबंद घर. खाली पेढी, वर बिऱ्हाड, त्यावर माळा. पेढीत गाद्या-गिरद्या आणि तराजू, फडताळात तीन पिढ्यांच्या वह्या, माळ्यावर बंब, घंगाळे आणि लग्नात आलेली पण कधीच न वापरलेली भांडी.

असे घर विकावयाचे ठरले की पहिला प्रश्न किमतीचा नसतो, सामानाचा असतो. भावंडांपैकी कोणालाच आठ-पंधरा दिवस येऊन राहणे शक्य नसते. अशा वेळी घेणारा स्वतःच म्हणतो, "सामानासकट द्या. आम्हाला घर पाडायचेच आहे." हे बोलणे कानाला गोड लागते. बँकांच्या लिलावाच्या नोटिशींत 'जसे आहे, जेथे आहे' हे शब्द वाचलेल्या व्यापाऱ्यास त्यात वावगेही काही वाटत नाही.

व्यवहार म्हणून पाहता हा मार्ग पुष्कळदा योग्यच असतो. घेणाऱ्यास जागा हवी असेल तर रंगरंगोटी, डागडुजी आणि झाडलोट यांवर केलेला खर्च किमतीत परत येत नाही. मात्र पसाऱ्याच्या नावाखाली किंमत फार खाली उतरवू देणेही शहाणपणाचे नाही. मुद्रांक शुल्काचे मूल्य शासनाच्या बाजारमूल्य दर तक्त्यावरून ठरते. माळ्यावर किती अडगळ आहे, हे तो तक्ता विचारीत नाही. ते मूल्य खरेदीखतातील रकमेपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक जास्त असेल, तर विकणाऱ्याचा भांडवली नफा त्या सरकारी मूल्यावरच मोजला जातो, आणि घेणाऱ्याच्याही डोक्यावर कर येऊ शकतो. हाती न आलेल्या पैशावर कर भरणे कोणत्या पेढीला परवडेल?

'आहे त्या स्थितीत' या शब्दांनी सारे दोष झाकले जातात, हाही एक गैरसमज होय. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा विकणाऱ्यावर एक कर्तव्य घालतो: आपणांस ठाऊक असलेला, आणि घेणाऱ्यास साध्या तपासणीने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगितलाच पाहिजे. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाची आठवण या पट्ट्यात अजून पुसलेली नाही. भिंतीला तेव्हा तडा गेला असेल आणि पुढे तिच्यासमोर कपाट लावले असेल, तर ते कपाट दोषाचे आच्छादन ठरते. घर पाडणारा कदाचित तक्रार करणार नाही. परंतु ज्यांना सत्य हे अणुव्रत म्हणून लहानपणी शिकविले गेले, त्यांना हे सांगण्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये.

खरी अडचण निराळीच आहे. भरले घर विकताना नेमके काय विकले, हे विकणाऱ्यास ठाऊक नसते. एखाद्या जुन्या पाकिटात कंपन्यांची कागदी भागपत्रे निघतात. 1 एप्रिल 2019 पासून कागदी स्वरूपातील समभागांची विक्री बंद झाली, आणि सलग सात वर्षे लाभांश न उचललेले समभाग शासनाच्या गुंतवणूकदार निधीकडे जातात. तरीही वारसांना ते परत मागता येतात. त्यासाठी निदान फोलिओ क्रमांक तरी हाती हवा. तो रद्दीच्या भावाने गेला की शोध फार अवघड होतो.

वह्यांचेही तसेच. कीर्द-खतावण्या, त्यांतील मोडी लिपी आणि हुंड्यांच्या नोंदी यांना घरचे लोक रद्दी म्हणतात. याच सातारा जिल्ह्यातील वाईत इतिहासाचार्य राजवाडे यांना जुनी दप्तरे मिळाली, आणि त्यांतून 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. प्रत्येक फडताळात पानिपतची पत्रे नसतात, हे खरे. पण पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या जाणकारास एकदा दाखवावे, एवढे तर करता येते. हस्तलिखित पोथ्यांच्या बाबतीत अधिक जपावे लागते. पंचाहत्तर वर्षांहून जुनी, महत्त्वाची हस्तलिखिते आणि शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती 1972 च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. घरात चैत्यालय किंवा देरासर असेल, तर तेथील प्रतिमा सामानाच्या यादीत येऊच शकत नाही; साधुसंतांचा आणि मंदिराच्या विश्वस्तांचा सल्ला घेऊन तिचे स्थलांतर आधी, मग बयाणा.

आणि बहिणी. 2005 च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क मान्य झाला. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू असल्याने हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. सहीसाठी तिला कराडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बोलावितात, घरात मात्र नेत नाहीत. आईची ट्रंक माळ्यावर होती, तिच्यात आईच्या हाताने लिहिलेली स्तवनांची वही होती, हे तिला घर पाडल्यावर कळते. सही कायदेशीरच असते. तरी त्यानंतरच्या पर्युषणात 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना दोन्हीकडचा स्वर अवघडतो. ट्रंक उतरविण्यास अर्धा दिवस लागला असता.

म्हणून सारे घर झाडण्याचा अट्टहास नको. पण सर्व भावंडांनी एकत्र येऊन एक फेरी मारावी. कागद, प्रतिमा, पोथ्या, दागिने आणि ज्याचे त्याला हवे ते एवढेच काढावे. तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालायची की कोणाच्या संसारास द्यायची, हे तेथेच ठरवावे. उरलेले सामान घेणाऱ्याचे, असे खरेदीखतात स्पष्ट लिहावे. पुढे लोखंडी तिजोरीवरून वाद उभा राहत नाही.

बंद घराचे आणखी काही रहिवासी असतात. वळचणीला पारव्यांची घरटी, खणांत कोळी, वह्यांत कसर, चौकटींना वाळवी. घर न झाडता दिले म्हणजे हिंसा टळली, असे होत नाही. नवा मालक दुसऱ्याच दिवशी औषध फवारणाऱ्यास बोलावितो. पावसाळ्यात जीवोत्पत्ती अधिक असते, हे चातुर्मास पाळणाऱ्यांना सांगावयास नको. बयाणा आषाढात झाला असला, तरी ताबा कार्तिकी पौर्णिमेनंतर देण्याची अट घालता येते. घरटी रिकामी होईपर्यंत वळचणीस हात लावू नये, एवढी विनंती तोंडीही करता येते, आणि बरेच खरेदीदार ती मानतात.