भाकीत आणि पडताळा

वैशाख शुद्ध तृतीयेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ या गावी दरवर्षी मोठी वर्दळ असते. हे गाव जळगाव जामोद तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यात वसले आहे. गावाबाहेरच्या शेतात एक वर्तुळाकार घट आखून त्याच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, सरकी इत्यादी १८ प्रकारची धान्ये मांडली जातात. मध्यभागी खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे ठेवतात. त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीवर पापड, कुरडई, वडा असे पदार्थ. पानाचा विडा व सुपारी हे राजाचे चिन्ह समजले जाते. रात्रभर तिकडे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्योदयाच्या सुमारास घटाचे निरीक्षण होते. कोणते धान्य जागचे हलले, कोणते ढेकूळ किती भिजले, विडा जागेवर आहे की नाही, हे पाहून पीक, पाऊस व राज्यकारभार यांविषयी भाकीत सांगितले जाते. सुमारे तीन शतकांपूर्वी चंद्रभान महाराज वाघ यांनी ही परंपरा सुरू केली असे मानतात. ते भाकीत ऐकण्यासाठी विदर्भातून व खानदेशातून शेतकरी येतात आणि वृत्तपत्रे ते घरोघर पोचवितात.

रात्रीचा वारा, मुंग्या, किडे आणि घागरीचा ओलावा यांपलीकडे घटाला कोणते ज्ञान असू शकेल, हा प्रश्न विज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही. अवघड प्रश्न निराळाच आहे. ज्याने उभा जन्म मातीत घालविला, ज्याला बी, बैल व बाजार यांची उत्तम पारख आहे, असा शहाणा शेतकरी “भेंडवळचे भाकीत बहुतेक खरे ठरते” असे मनापासून कसे म्हणतो? तो खोटे बोलत नाही. त्याला तसा अनुभव आला आहे असेच त्याला वाटते. हा अनुभव घडतो कसा, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण वैशाखात मनात बसलेली समजूत मृग नक्षत्रात तिफणीवर बसते. जूनमध्ये पाऊस चांगला आहे असे ऐकून पहिल्याच सरीवर पेरणी केली आणि पुढे पावसाने ताण दिला, तर बी करपते व दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते.

पहिले कारण भाषेत आहे. अशा भाकितांत “पीक मोघम”, “पाऊस कोठे कमी, कोठे जास्त” असे शब्दप्रयोग वारंवार आढळतात. कोठे कमी व कोठे जास्त पाऊस पडला नाही असे वर्ष वऱ्हाडात कधी उजाडलेच नाही! मोघम वाक्याचा रिकामा भाग ऐकणारा आपल्या अनुभवाने भरून काढतो आणि भरलेले सर्व श्रेय मात्र सांगणाऱ्यास देतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी १९४८ साली ३९ विद्यार्थ्यांस प्रत्येकाचे म्हणून स्वभाववर्णन लिहून दिले आणि ते कितपत जुळते यास पाचांपैकी गुण देण्यास सांगितले. सरासरी ४.२६ गुण पडले. नंतर कळले की, सर्वांच्या हाती एकच मजकूर होता, आणि त्यातील पुष्कळसा भाग बाजारातील एका ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता.

दुसरे कारण साध्या गणिताचे आहे. धान्ये १८, प्रत्येकासाठी “चांगले”, “साधारण” अथवा “वाईट” अशा तीन शक्यता धरल्या आणि एखाद्याने डोळे मिटून उत्तरे दिली, तरी सरासरीने सहा उत्तरे बरोबर येणारच. शिवाय चार महिन्यांचा पाऊस आणि राजाचे भवितव्य आहेच. इतक्या विधानांतून कोणत्याही वर्षी काहीच जुळले नाही तर ते नवल ठरेल. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडते, हा काकतालीय न्याय लोकांस ठाऊक आहे. परंतु कावळा किती वेळा बसला व फांदी मोडलीच नाही, याची मोजदाद कोणी ठेवीत नाही.

ही मोजदाद का राहून जाते, हे तिसऱ्या कारणावरून समजते. आपल्या समजुतीस पुष्टी देणारा पुरावा शोधणे हा मनाचा सहजधर्म आहे. तिला बाध आणणारा पुरावा शोधण्याचे त्यास सुचतच नाही. इंग्लंडमधील पीटर वेसन यांनी १९६० साली एक सोपा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन, चार, सहा हे आकडे एका नियमास धरून आहेत. दुसरी त्रिकुटे सुचवून तो नियम ओळखा, असे त्यांनी सांगितले. बहुतेकांनी आठ, दहा, बारा यांसारखी, आपल्या तर्कास जुळणारीच त्रिकुटे पुढे केली. प्रत्येक वेळी “बरोबर” असे उत्तर मिळाले आणि “दोनदोनने वाढणारे आकडे” असा चुकीचा नियम त्यांनी छातीठोकपणे सांगितला. खरा नियम एवढाच होता की, आकडे चढत्या क्रमाने असावेत. एक, दोन, सात असे वेडेवाकडे त्रिकूट विचारले असते तर भ्रम तत्काळ फिटला असता.

चौथे कारण स्मरणाचे. गोष्ट घडून गेल्यावर “हे मला आधीच वाटले होते” असे मन म्हणू लागते. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ साली चीन व रशियाच्या भेटीस निघाले तेव्हा बारूक फिशहॉफ व रूथ बेथ यांनी इस्रायलमधील विद्यार्थ्यांकडून काय काय घडण्याचा किती संभव आहे, याचे अंदाज लिहून घेतले. भेटी आटोपल्यावर त्याच विद्यार्थ्यांस आपले पूर्वीचे अंदाज आठवण्यास सांगितले. ज्या गोष्टी घडल्या होत्या त्या घडण्याचा संभव आपण मुळात लिहिला त्याहून अधिक धरला होता, असे त्यांस आठवू लागले. वैशाखात ऐकलेले भाकीत दिवाळीपर्यंत मनातल्या मनात असेच बदलत जाते आणि घडलेल्या पावसाच्या मापाचे होऊन बसते.

शहरातील सुशिक्षित घराने हे वाचून खेड्याकडे पाहत हसू नये. ज्याची आठवण काढली त्याचाच दूरध्वनी आला, ही हकीकत महिनाभर सांगितली जाते. आठवण काढूनही जो आला नाही त्याची हकीकत होत नाही. शेअरबाजारात साधलेला एक सौदा बुद्धीच्या खाती जमा होतो आणि बुडालेले चार दैवाच्या खाती. पत्रिका जुळवून सुखाचे झालेले विवाह कुटुंबात सर्वांस पाठ असतात; पत्रिका जुळवूनही मोडलेले विवाह बोलण्यात येत नाहीत. शिक्षणाने हा दोष आपोआप जात नाही. उलट आपल्या समजुतीसाठी सुबक कारणे रचण्याचे कौशल्य तेवढे वाढू शकते.

मग उपाय कोणता? महाराष्ट्रातच त्याचे एक उत्तम उदाहरण आहे. डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. हुशार मुलांच्या व मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून २७ ज्योतिषांस प्रत्येकी ४० पाठविल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या मुलाची, ते ओळखण्यास सांगितले. यशाचे प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवूनही सुमारे निम्मी उत्तरे बरोबर आली असती. बरोबर कशास म्हणावयाचे, हे येथे आधीच ठरलेले असल्यामुळे नंतर अर्थ लावण्यास जागा उरली नाही.

हवामानखात्याचे अंदाजही चुकतात. २००२ साली देशात सरासरीच्या १०१ टक्के पाऊस होईल असे त्या खात्याने सांगितले होते. प्रत्यक्षात सुमारे ८१ टक्केच झाला. परंतु तो अंदाज आकड्यात लिहिलेला होता, म्हणूनच त्याची चूक सर्वांस दिसली आणि पुढे अंदाजाची रीत बदलणे भाग पडले. जे चुकीचे ठरू शकते, तेच सुधारू शकते. जे मोघम असते ते कधी चुकत नाही आणि म्हणूनच त्यापासून कोणी काही शिकत नाही.

अक्षय्य तृतीयेस चार गावचे शेतकरी एकत्र जमतात, हंगामाचा विचार करतात, हा त्या दिवसाचा गुण कोणीही नाकारू नये. मात्र ऐकलेले प्रत्येक भाकीत, मग ते घटाचे असो, ज्योतिषाचे असो वा शेअरबाजारातील जाणत्याचे असो, त्याच दिवशी शब्दशः वहीत उतरावे. काय घडले असता ते खोटे मानावयाचे, हेही शेजारीच लिहावे. हंगाम संपल्यावर वही उघडून बरोबर व चूक अशा दोन्ही रकाने भरावेत. दहा वर्षांच्या अशा नोंदींनंतर ज्याचा विश्वास टिकेल त्याने तो खुशाल ठेवावा; तो निदान स्वतःच्या स्मरणाकडून फसलेला नसेल. वहीची किंमत थोडी आहे. एका दुबार पेरणीची फार मोठी.