गर्भपाताचा कायदा आणि बाईची सही

सोनोग्राफी केंद्राच्या दारावर गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्याची पाटी असते, आणि ती असायलाच हवी. परंतु ती वाचून वाचून आपल्याकडे पुष्कळांनी, त्यांत पदवीधरही आले, गर्भपात हाच गुन्हा असा समज करून घेतला आहे. वस्तुतः हे दोन निराळे कायदे आहेत आणि त्यांची गल्लत बायकांच्या जिवावर बेतते. म्हणून या विषयावर लिहावेसे वाटले.

१८६० च्या दंडसंहितेने गर्भपात करणारा आणि करवून घेणारी, दोघांनाही गुन्हेगार ठरविले. आईचा जीव वाचविणे एवढाच अपवाद. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर किंवा कसलेतरी पाळेमूळ, याशिवाय काय उरत होते? महात्मा फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच कारणाने. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर जे तोंडसुख घेतले गेले, त्याला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून उत्तर दिले. पुरुष नामानिराळा राहतो आणि बाई आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते, हा त्यांचा सवाल अजून जुना झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९६४ मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा. चोरून होणाऱ्या गर्भपातांत बायका मरतात, हे या समितीने मांडले आणि त्यातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला १९७३ मध्ये, आणि २०२२ मध्ये तो काढूनही घेतला. मिळालेली गोष्ट कायमची नसते ती अशी.

आपला कायदा आज काय म्हणतो? २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि ही मुदत बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, मध्येच विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या स्त्रिया अशा ठराविक गटांसाठी आहे. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळ ठरविते. 'विवाहित स्त्री व तिचा पती' हे जुने शब्द जाऊन 'स्त्री व तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून वगळता येणार नाही, असा निर्णय दिला.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपण ज्याला हक्क म्हणतो तो कायद्याच्या पुस्तकात अपवाद म्हणून लिहिलेला आहे. या चौकटीबाहेरचा गर्भपात २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे, आणि शेवटचा शब्द बाईचा नसून डॉक्टरचा असतो. मला हे अपुरे वाटते. पण जेवढे आहे तेवढे तरी राखले पाहिजे, कारण ते नसले म्हणजे काय होते याचे उदाहरण फार लांबचे नाही. बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार आयर्लंडमध्ये दंतवैद्य होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ टिकणार नाही हे कळले होते. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने त्या गेल्या. २०१८ मध्ये त्या देशाने सार्वमत घेऊन बंदी उठवली.

यावर आपल्याकडचा आक्षेप ठरलेला : मोकळीक दिली तर मुली पोटातच मारल्या जातील. आक्षेप खोटा नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. २०१२ मध्ये परळीचे प्रकरण उघडकीस आल्यावर राज्यभर कडक तपासण्या झाल्या. पण त्या धास्तीने औषध दुकानदार गर्भपाताच्या गोळ्या ठेवीनासे झाले. गुन्हा लिंग पाहण्यात आहे. तिथे निर्णय बहुधा सासरचा असतो, बाईचा नव्हे. तेव्हा बाईचे ऐकण्याची सवय लागली तर उलट मुलीही वाचतील, असे मला वाटते.

आता आमच्या भागाविषयी. पुसेगावसारख्या गावात कायद्यापेक्षा आठवडे मोजणे अवघड. ऊसतोडीला गेलेली बाई सहा महिने फडावर असते. एक खाडा म्हणजे मुकादमाकडे पैसे कापले जाणार. पाळी चुकल्याचे ध्यानात येईतो, गाडीभाडे जमेतो, दवाखाना सापडेतो वीस आठवडे सरतात. त्यात दवाखान्यात पहिला प्रश्न येतो, "नवरा कुठे आहे?" अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, शुद्धीवर असलेल्या स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची, सासूची किंवा बापाची सही लागत नाही, आणि तिचे नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही दोन वाक्ये मराठीत, मोठ्या अक्षरांत, त्या दुसऱ्या पाटीच्या शेजारी मी अजून कुठे पाहिलेली नाहीत.