मॉरिशस बेटाचे उठावाचे नकाशे

सपाट नकाशावर डोंगर तपकिरी रंगाने दाखविलेला असतो. तेथे डोंगर आहे हे आपण रंगसूची पाहून मान्य करतो. बोटाला मात्र तो लागत नाही. उठावाच्या नकाशावर बोट चढते, उतरते, खिंडीत अडते. असे नकाशे यंदा आम्ही इयत्ता नववीच्या मुलामुलींनी हाताने तयार केले आणि विकलेही. त्यात काय साधले आणि काय चुकले, ते येथे सांगावयाचे आहे.

अशा नकाशांची एक जुनी हकीकत आमच्या गुरुजींनी आम्हांस प्रारंभीच सांगितली. काशीचे बाबू शिवप्रसाद गुप्त १९१३ च्या सुमारास पुण्यास धोंडो केशव कर्वे यांच्या आश्रमात गेले असता, तेथे जमिनीवर मातीने केलेला हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा त्यांच्या पाहण्यात आला. तो त्यांच्या मनात भरला. पुढे त्यांनी काशीस भारतमाता मंदिर बांधविले. १९३६ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या मंदिरात मूर्तीच्या जागी संगमरवरात कोरलेला अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे. त्यात आडव्या अंतरासाठी १ इंचास ६.४ मैल, तर उंचीसाठी १ इंचास २००० फूट असे प्रमाण धरलेले आहे. हे दोन आकडे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

आम्ही बेट निवडले ते सोयीसाठी. मुलखाचा नकाशा करावयाचा तर तो कोठे तोडावा हा प्रश्न पडतो, आणि तोडलेली कड केकच्या कापासारखी दिसते. बेटाची कड निसर्गानेच आखून दिलेली असते, आणि तीच उंचीची शून्य रेषाही असते. बेटांतून मॉरिशस निवडले ते मात्र आपुलकीने. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथील उसाच्या मळ्यांवर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते आणि गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी असते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणे म्हणजे काय, हे आम्हां बेळगावकरांस निराळे सांगावयास नको.

मॉरिशस सुमारे ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. १ सेंटिमीटरास १ किलोमीटर असे प्रमाण धरले की ते ६५ × ४५ सेंटिमीटरांच्या फळीवर नेमके मावते. आता उंची पाहा. बेटावरील सर्वांत उंच ब्लॅक रिव्हर शिखर ८२८ मीटर आहे. आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे ते शिखर आपल्या अंगणाहून फारसे वर नाही! आमच्या प्रमाणात ते जेमतेम ८ मिलिमीटर भरते, आणि सारे बेट भाकरीसारखे चापट दिसते. म्हणून उंची वाढवून दाखवावी लागते. काशीसही तेच करावे लागले. तेथे उंची आडव्या अंतराच्या सुमारे १७ पट आहे. ती तशी नसती, तर एव्हरेस्ट एक इंचसुद्धा भरले नसते.

किती पट वाढवावी यावर आमच्यात मतभेद झाला. अखेर एक नमुना ३ पटींचा व एक ८ पटींचा करावयाचा असे ठरले.

उंचीची मोजमापे मिळविणे आता अवघड राहिलेले नाही. २००० साली अवकाशयानातून रडारने घेतलेली मोजमापे कोणासही विनामूल्य मिळतात. त्यांवरून १००-१०० मीटरांच्या समोच्च रेषा छापून घेतल्या. खडेबाजारातून पुठ्ठा आणला. तळाशी किनाऱ्याचा थर आणि त्यावर १०० पासून ८०० मीटरांपर्यंतचे ८ थर कापून खळीने चिकटविले. कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घातले. (ते विषारी असल्याने ते काम गुरुजींनी स्वतःकडे ठेवले.) ८०० मीटरचा थर म्हणजे तिळाएवढे तीन तुकडे होते, कारण त्या उंचीवर तीनच शिखरे जातात. त्यांतील एक तुकडा दोनदा हरवला. क्यूरपीप गावाजवळचे ज्वालामुखीचे विवर सुमारे ३०० मीटर रुंद आहे. आमच्या नकाशात ते ज्वारीच्या दाण्याहूनही लहान झाले. ते पेन्सिलीच्या टोकाने करावे लागले.

थरांच्या पायऱ्या शाडूने भरून उतार गुळगुळीत केले. मग त्यावर प्लॅस्टर ओतून साचा घेतला. साच्याला आतून साबणाचे पाणी व तेल लावले आणि त्यात रद्दी कागदाचा लगदा दाबून भरला. जुन्या बायका कागदाच्या टोपल्या करताना लगद्यात मेथी वाटून घालीत; एकीच्या आजीच्या सांगण्यावरून आम्हीही तसेच केले, आणि लगदा चांगला घट्ट बसला. पहिले दोन नकाशे उन्हात वाळविले ते पापडासारखे वाकले. पुढचे सावलीत, कडांवर विटा ठेवून वाळविले. आठपटीच्या साच्यात आणखी एक अडचण येई. बेटाच्या नैऋत्य टोकास ले मॉर्न हा ५५६ मीटरांचा कड्याचा डोंगर आहे. तो साच्यात अडके आणि नकाशा काढताना मोडे. रंग देताना किनाऱ्याभोवतीच्या पोवळ्यांच्या कड्यासाठी फिकट निळा पट्टा ओढला, आणि मजुरांना जेथे प्रथम उतरवीत त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या जागी लाल टाचणी लावली.

किंमत ठरविताना प्रथम सामानाचा खर्च मांडला आणि त्याच्या दुप्पट किंमत ठेवली. ‘मुलांनी केले आहे, घ्या हो’ असे कोणी म्हणावयाचे नाही, हाही नियम केला. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात दोन्ही प्रकार शेजारी मांडले. संध्याकाळपर्यंत आठपटीचे नऊ नकाशे गेले, तीनपटीचे दोन. आम्ही खूश होतो. तेवढ्यात जमीनमोजणी खात्यात जन्म घालविलेले एक वयस्क गृहस्थ आले. त्यांनी आठपटीच्या नकाशावरून बोट फिरविले आणि विचारले, “मुलांनो, या उतारावर ऊस उभा कसा राहतो?”

आम्हांस उत्तर देता आले नाही. त्यांनी कागद घेऊन हिशेब करून दाखविला. जमिनीवर १० अंशांचा उतार असेल, तर आठपटीत तो सुमारे ५५ अंशांचा होतो. तीनपटीत सुमारे २८ अंशांचा. पहिल्यावर माणसास धड उभेही राहता येणार नाही. बेटाच्या मध्यभागी ऐसपैस पठार आहे, आणि आमच्या नकाशात ते डोंगरांच्या विळख्यात सापडलेले दिसत होते. आणि उंची वाढविली आहे हे नकाशावर कोठेच लिहिलेले नव्हते. फुगवून दाखविणे हा दोष नाही, काशीचा नकाशाही तेच करतो. परंतु प्रमाण न सांगता आम्ही पैसे घेतले होते, आणि ते चांगलेच लागले.

घेणारी कुटुंबे ओळखीचीच असल्याने पुढच्या रविवारी आम्ही नऊही घरी गेलो. ‘उंची आठपट वाढविली आहे’ अशी चिठ्ठी नकाशावर चिकटविण्याची परवानगी मागितली; हवा असल्यास तीनपटीचा बदलून देऊ असेही सांगितले. तिघांनी बदलून घेतला. पाच जणांनी चिठ्ठी लावू दिली. एका आजींनी मात्र, “बाळांनो, मला डोंगर असेच आवडतात,” म्हणून चिठ्ठीही नको म्हटले. तेव्हा ती आम्ही मागील बाजूस लावून आलो.

आठपटीचा साचा आता मोडून टाकला आहे. तीनपटीचे चार नकाशे हस्तव्यवसायाच्या खोलीत शिल्लक आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर ते पाहावयास मिळतील. प्रमाण उजव्या कोपऱ्यात लिहिले आहे.