ग्रामसभेपासून सुरुवात: तरुण कार्यकर्त्यांसाठी

सामाजिक कार्याची सुरुवात मोर्चाने होते असा समज रूढ असला, तरी गावातील मतदार यादीत नाव असलेली अठरा वर्षांची व्यक्ती ग्रामसभेची, म्हणजे गावातील सर्व मतदारांच्या सभेची, आपोआपच सदस्य असते आणि हे व्यासपीठ तिला कोणाच्याही शिफारशीशिवाय मिळते. या सभेच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाजास आवश्यक असलेल्या किमान उपस्थितीसाठी, महाराष्ट्रात 15 टक्के किंवा 100 मतदार यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेस ही अट उरत नसल्याने मोजक्या लोकांचे निर्णय गावाचे ठरतात, म्हणून वीस मित्रांना सभेला आणणे हे भाषणापेक्षा मोलाचे काम होय.

दुसरे साधन म्हणजे 2005 चा माहितीचा अधिकार कायदा. दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जास सामान्यतः 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. मात्र ‘रस्ता खराब का?’ असे विचारण्याऐवजी त्या कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवणारी वही, यांच्या प्रती मागाव्यात, कारण हा कायदा उपलब्ध नोंदी देतो, खुलासे नव्हे.

या साधनांना अभ्यासाची जोड हवी, याचे उदाहरण म्हणजे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) हे गाव. त्याने अभ्यासगट आणि सर्वसहमती यांच्या बळावर 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावालगतच्या जंगलावरील गावाचे सामाईक हक्क, मिळवले. तेथे अभ्यास आधी झाला, मागणी नंतर.